पाय कापायला पैसे, गोळीला नाहीत

परभणी जिल्ह्यात ‘विमा’ हा शब्द उच्चारला की आधी आठवतो तो पीक विमा. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचे, फोटो टाकायचा, मग पंचनामा, मग मंडळाची सरासरी, आणि शेवटी खात्यात काय पडले ते बँकेत जाऊन बघायचे. एक रुपयातला पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ मध्ये गेलाही. एवढ्या वर्षांच्या अनुभवातून इथला शेतकरी एक गोष्ट पक्की शिकला आहे. नुकसान झाले म्हणून भरपाई मिळत नाही. कागदावरच्या व्याख्येत बसणाऱ्या नुकसानीचीच ती मिळते. आरोग्य विम्याच्या बाबतीत मात्र हाच माणूस भाबडा होतो. कार्ड आहे म्हणजे उपचार फुकट, असे तो धरून चालतो. ही समजूत ज्या दुखण्यांपाशी हमखास मोडते, त्यांत नसांचे दुखणे वरच्या क्रमांकावर आहे.

जिंतूर, पालम, सोनपेठकडून सरकारी दवाखान्यात येणारे रुग्ण या दुखण्याचे वर्णन पुस्तकापेक्षा चांगले करतात. तळपायाची आग आग होते. मुंग्या चालल्यासारखे वाटते. मधूनच करंट बसतो. रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, म्हणून पाय बाहेर काढून झोपावे लागते. आणि याच माणसाची चप्पल चालता चालता पायातून निसटते, ते त्याला दहा पावले पुढे गेल्यावर कळते. दुखतेही आणि कळतही नाही, हे ऐकून घरच्यांना तो नाटक करतोय असे वाटते. पण ते खरे आहे. वायरीवरचे आवरण जळाले की कुठे ठिणगी उडते आणि कुठे दिवाच लागत नाही, तसे मज्जातंतूंचे होते.

याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्याखेरीज नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने मागे राहणारी आग, मणक्यात दबलेली नस, चेहऱ्याच्या एका बाजूला घास चावतानाही विजेसारखी उठणारी कळ, जुना कुष्ठरोग, ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, अशी बरीच कारणे आहेत. माळकरी घरांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ‘ब १२’ कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून ते आधी तपासावे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, उलट मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला त्रास देतात. उपयोगी पडतात त्या मुळात फिट्स किंवा नैराश्यावरच्या गोळ्या : प्रिगॅबॅलिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, आणि चेहऱ्याच्या कळेसाठी कार्बामाझेपिन. त्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात.

विम्याचा प्रश्न इथे सुरू होतो, कारण आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा खाटेचा आहे, गोळीचा नाही. खासगी पॉलिसी साधारणपणे किमान २४ तास भरती झाल्यावर लागू होते. सरकारी योजनेचेही तसेच. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांत परभणी असल्यामुळे इथल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिच्यात घेतले गेले. १ जुलै २०२४ पासून आयुष्मान भारतशी जोडून प्रति कुटुंब पाच लाखांचे संरक्षण सर्वांसाठी आले. हृदयाच्या, कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या असंख्य रुग्णांना या योजनेने वाचवले, हे कोणी नाकारू नये. पण तिची रचना ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या पॅकेजची आहे. घरी सोडल्यावर काही दिवसांची औषधे त्यात येतात. बाह्यरुग्ण विभागातून महिन्याच्या महिन्याला न्यायची प्रिगॅबॅलिनची पट्टी त्यात येत नाही.

अमेरिकेत विमा कंपनी औषध नाकारते तेव्हा निदान पत्र पाठवते : आधी स्वस्त गोळी घेऊन बघा, तिने भागले नाही तर दुसरी मंजूर करू. त्या पत्रावर भांडता येते. आपल्याकडे नकाराचे पत्रच येत नाही, कारण अर्ज करायला खिडकीच नाही. आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जाऊन शेतकरी कार्ड पुढे करतो, आरोग्यमित्र सांगतो, “काका, हे भरती झाल्यावर चालतं.” नकार एवढाच. त्याची नोंद कुठे होत नाही, म्हणून तो कोणत्याही अहवालात दिसत नाही.

पुढे काय होते ते सरकारी रुग्णालयातल्या कोणत्याही शल्यचिकित्सकाला विचारावे. पेरणीच्या महिन्यात पैसे नसतात, तेव्हा आधी ही गोळी बंद होते. साखरेची गोळी घेतली नाही तर त्या दिवशी काही होत नाही; ही बंद केली की त्याच रात्री झोप उडते. मग माणूस मेडिकलवरून मिळेल ती वेदनाशामक घेतो, दवाखान्यात येणे थांबते, साखरेची तपासणी मागे पडते. काही महिन्यांनी आग कमी होते आणि त्याला बरे वाटते. खरे तर तेव्हा पाय बधिर झालेला असतो. काटा रुततो, तापलेल्या मातीने तळवा भाजतो, ते कळत नाही. जखम चिघळते. आणि बोट किंवा पाऊल काढायची वेळ आली की योजनेचे दार उघडते, कारण पाय कापण्याची शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये बसते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. वेदनेची गोळी पाय वाचवत नाही. ती नस दुरुस्त करत नाही. पाय वाचतो तो साखर आटोक्यात ठेवल्याने, पायांची रोज पाहणी केल्याने, अनवाणी न चालल्याने. पण ज्या माणसाला रात्री झोप मिळते तो दर महिन्याला दवाखान्यात परत येतो, आणि परत येणाऱ्याचा पाय कोणीतरी बघते. गोळीची खरी किंमत तिथे आहे, आणि तो हिशेब कोणत्याच विम्यात मांडलेला नाही.

ज्यांच्याकडे खासगी पॉलिसी आहे, म्हणजे परभणी शहरातले नोकरदार, शिक्षक, व्यापारी, त्यांना वेगळा नकार भेटतो. कंबरेतून पायात कळ जाते. कोणीतरी सुचवते, दोन दिवस भरती व्हा, एमआरआय होईल, इंजेक्शने होतील, सगळे क्लेममध्ये निघेल. निघत नाही. केवळ तपासणी आणि निदानासाठी झालेली भरती वगळण्याचे कलम जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. विमा नियामकाने ठरवलेल्या शब्दांतच ते छापलेले असते. या बाबतीत विमा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. जिथे भरतीची गरज नव्हती तिथे खाट अडवली गेली, आणि बिल रुग्णाच्या गळ्यात पडले. भरती लागते ती वेगळ्या वेळी. पाऊल अचानक लुळे पडले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, तर क्लेमचा विचार न करता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

मणक्याची शस्त्रक्रिया किंवा खरी भरती झालीच, तर एक तरतूद बहुतेकांना ठाऊक नसते. एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांनी विकायला सुरुवात केलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत भरतीपूर्वीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस त्याच आजाराची औषधे व तपासण्या धरल्या जातात. इतर पॉलिसींतही अशी मुदत असते. म्हणजे दोन महिन्यांची नसांची गोळी मिळू शकते. पण त्यासाठी प्रत्येक पट्टीचे पक्के बिल आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मेडिकलवाल्याने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलेली बेरीज चालत नाही.

चिठ्ठीचा आणखी एक धोका आहे. क्लेम आला की कंपनी जुन्या चिठ्ठ्या मागते आणि एखादी गोळी पाहून म्हणते, हा आजार आधीपासून होता, तुम्ही लपवला. अमेरिकेला निघालेल्या एका मधुमेही प्रवाशाचे असेच झाले. २००९ मध्ये तिथल्या विमानतळावर उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह त्याने अर्जात लिहिला होता. तरीही तो कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता आणि ते सांगितले नाही, असा मुद्दा पुढे करून दावा फेटाळला गेला. ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नकार बेकायदा ठरवला. रुग्णाची प्रकृती पाहून, प्रश्न विचारून एकदा पॉलिसी दिल्यावर, त्याने सांगितलेल्याच आजाराचे कारण पुढे करून मागे फिरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. यातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. अर्ज भरताना एजंट “हे लिहू नका” म्हणाला तरी मधुमेह आणि चालू गोळ्या लिहाव्यात. आणि डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहिताना शेजारी ‘मज्जातंतूंच्या वेदनेसाठी’ हे दोन शब्द लिहावेत. ते नसले तर विमा कंपनीच्या टेबलावर ती नैराश्याची गोळी ठरते.

दावा नाकारला गेला तर तोंडी उत्तरावर थांबू नये. नकार लेखी मागावा आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली तो दिला, हे त्यात असावे. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या तीन सदस्यांच्या समितीने मान्यता दिल्याशिवाय दावा फेटाळता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. १५५२५५ या क्रमांकावर नियामकाकडेही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. परभणी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, एवढे मात्र पाळावे.

पण जिल्ह्यातल्या बहुसंख्य रुग्णांपाशी फेटाळायला दावाच नाही. त्यांच्यासाठी वाट दुसरी आहे, आणि ती तितकी अवघड नाही. ब्रिटनमधल्या १३ केंद्रांत मधुमेहामुळे नसांचे दुखणे असलेल्या १३० रुग्णांवर अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रिगॅबॅलिन यांची तुलना झाली. ती २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. गरजेप्रमाणे दुसऱ्या गोळीची जोड दिल्यावर, कुठूनही सुरुवात केली तरी वेदना दहापैकी सरासरी ६.६ वरून ३.३ वर आली. अमिट्रिप्टिलिन ही यांतली जुनी आणि अगदी स्वस्त गोळी. ती राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे, कार्बामाझेपिनही आहे. ती सगळ्यांना चालत नाही : प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांची लघवी अडू शकते, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना ती टाळावी लागते, तोंड कोरडे पडते. प्रिगॅबॅलिनने गरगरते, पाय सुजतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवावी लागते, आणि ती एकदम बंद करू नये. कोणाला कोणती द्यायची ते डॉक्टरच ठरवतील. पण चिठ्ठीवर महागड्या ब्रँडची, जीवनसत्त्व मिसळलेली संयुक्त गोळीच पहिल्या दिवसापासून का असते, हा प्रश्न डॉक्टर मंडळींनी स्वतःला विचारायला हवा. रुग्णानेही विचारावा, आणि तेच औषध जनऔषधी केंद्रात मिळते का ते पाहावे.

सरकारी दवाखान्यांत अमिट्रिप्टिलिन असलीच तर ती मानसिक आजारांच्या कपाटात असते. औषध वाटणारा सहज म्हणून जातो, “ही डोक्याची गोळी आहे.” झाले. सेलूचा माणूस घरी जाऊन ती पट्टी फेकून देतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत झाली आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या जातात. त्याच खिडकीवर, त्याच कार्डावर नसांच्या दुखण्याच्या दोन स्वस्त गोळ्या ठेवायला नवी योजना लागत नाही, नवा विमाही लागत नाही. लागते ती मागणीपत्रात दोन ओळींची भर, आणि गोळी हातात देण्याआधी एक मिनिट : रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा, कळले की “हो” म्हणायला सांगायचे. सहापैकी दोन ठिकाणी कळले नाही तर त्या कार्डावर लाल शाईने तशी नोंद करून पायाची पूर्ण तपासणी करायची. आशाताईही हे करू शकतील.