अनोळखी ताल आणि आपले कान

‘गाणें गोड होतें, पण ताल कांहीं चमत्कारिक वाटला,’ असा अभिप्राय आपण पुष्कळदां ऐकतों. असा अभिप्राय देणारे गृहस्थ गाण्याची परीक्षा करीत असतात, कीं नकळत स्वतःच्या कानांची, असा प्रश्न आम्हांस पडतो.

चार मात्रांच्या चालीवर पाऊल सहज पडतें. म्हणून तोच ताल स्वाभाविक, व पांच किंवा सात मात्रांचा ताल कृत्रिम, अशी अनेकांची समजूत असते. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांची सहावी सिंफनी १८९३ सालीं प्रथम वाजविली गेली. तिचा दुसरा भाग पांच मात्रांचा आहे. त्यास ‘लंगडा वॉल्ट्झ’ असें नांव पडलें. उलट बल्गेरियांतील रॅचेनित्सा हें लोकनृत्य दोन, दोन व तीन अशा सात मात्रांवर जलद चालतें, आणि तेथें कोणाचाहि पाय लंगडत नाहीं. आपला रूपकहि सात मात्रांचाच; झपताल दहा मात्रांचा, पण दोन-तीन-दोन-तीन असा विभागलेला. ज्यांनीं हे ताल लहानपणापासून ऐकले, त्यांस त्यांत कांहींच वांकडें दिसत नाहीं.

याविषयीं एरिन हॅनन व सँड्रा ट्रेहब या विदुषींनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग मननीय आहेत. विषम तालांतील चूक उत्तर अमेरिकेंतील प्रौढांस ओळखतां येईना. बल्गेरिया व मॅसिडोनिया येथील प्रौढांस ती ओळखतां आली. आणि नवल असें कीं, अमेरिकेंतील सहा महिन्यांच्या तान्ह्या बालकांनाहि ती कळली! वर्षाच्या बालकांत ही शक्ति मंदावलेली आढळली. परंतु दोन आठवडे तसें संगीत घरीं ऐकविल्यावर ती परत आली. प्रौढांस मात्र तशा श्रवणानें ती पुरती साधली नाहीं. म्हणजे ईश्वरानें बालकाचा कान सर्व तालांस मोकळा ठेवून दिला आहे. त्याचीं दारें लावतो तो आपला परिपाठ.

तरी प्रौढांनीं निराश होऊं नये. डेव्ह ब्रूबेक यांच्या वाद्यवृंदानें १९५९ सालीं ‘टेक फाइव्ह’ ही पॉल डेस्मंड यांची पांच मात्रांची रचना ध्वनिमुद्रित केली, आणि ती जगभर लोकप्रिय झाली. तींत पियानोवर एकच लहानसा बोल पुनःपुनः वाजत राहतो. आपल्याकडे तबल्याचा ठेका जें करतो, तेंच काम तो करतो. त्याचा आधार धरून श्रोता निर्धास्तपणें पुढें जातो.

मात्रा विषम असल्या म्हणजेच रचना उत्तम, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ठेका हातीं लागण्यापूर्वींच हंसून उठणें हें ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ यांतलेंच होय. विद्यार्थिमित्रहो, अनोळखी ताल कानीं पडला तर प्रथम बोटांवर मात्रा मोजा, मग मत द्या. आणि पालकांस आमची विनंती कीं, आपणांस रुचत नाहीं एवढ्याच कारणास्तव मुलांचें ऐकणें बंद करूं नये. कान एकदां संकुचित झाला कीं मन संकुचित होण्यास विलंब लागत नाहीं.