पुलाआधीची वाशी अजून बोलते आहे

वाशीला कसला आलाय इतिहास, असं खुद्द वाशीत राहणारी माणसंच म्हणतात. सिडकोने आखलेलं गाव, सेक्टरांना नंबर, चौकांना पुढाऱ्यांची नावं. इतिहास बघायचा तर पुण्याला जा. मला हे साफ चूक वाटतं. शनिवारवाड्याचा पाया भरताना पाहिलेलं माणूस पुण्यात कुणाला भेटणार नाही. वाशी उभी राहताना पाहिलेलं माणूस मात्र तुमच्या मजल्यावर राहत असेल. कदाचित तुमच्याच घरात, आतल्या खोलीत, टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेलं असेल. त्या माणसाला बोलतं करा आणि ते बोलणं जपून ठेवा, एवढ्या एका मागणीसाठी हा लेख आहे.

घाई का, ते हिशेबावरून कळेल. सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० रोजी. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई हे नवं शहर आखलं गेलं, वाशी त्यातलीच. ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मध्ये खुला झाला. त्या वर्षी पंधरा वर्षांचा असलेला पोरगा आज सदुसष्टीच्या पुढे आहे. आणि तेव्हा जे घरचे कर्ते होते, ज्यांनी भूसंपादनाच्या नोटिसा हातात घेतल्या, ते नव्वदीला टेकलेत. पुलाआधीची वाशी समजत्या वयात पाहिलेली पिढी आणखी दहा वर्षांनी मोजकीच उरलेली असेल.

वाशीगाव, जुहूगाव, कोपरी, तुर्भे, सानपाडा ही गावं आता सेक्टरांच्या मध्ये गावठाण म्हणून उरलीत. भातशेती, खाडीतली मासेमारी आणि मिठागरं यांवर जगणाऱ्या इथल्या आगरी-कोळ्यांबद्दल सरकारदरबारी कागद कमी नाहीत. नकाशे आहेत, मोबदल्याचे निवाडे आहेत, जमिनीच्या बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांच्या फायली आहेत. पण या कागदांत बोलतो तो जमीन घेणारा. देणाऱ्याचं फक्त नाव आणि अंगठा. उधाणाला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की गाव कसं धावायचं? जिताडा मासा कुठल्या दिवसांत, खाडीच्या कुठल्या वळणाला लागायचा? मोबदल्याचे पैसे घरात आले त्या रात्री कोण रडलं, कोणी टेप घेतला, कोणी पोरीचं लग्न काढलं? नोकरी देऊ म्हणून कोणी सांगितलं आणि ती कोणाला मिळाली? हे कुठल्याच फाईलीत नाही. आणि बायकांचं तर त्याहून कमी. चिखलात लावणी केली त्यांनी, मासळीची पाटी डोक्यावर वाहिली त्यांनी. सातबाऱ्यावर नाव बहुधा सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं.

जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून २०२१ मध्ये हजारो तरुण रस्त्यावर उतरले, मानवी साखळी झाली. त्यांतल्या किती जणांनी आपल्या आजोबांना विचारलं असेल, की जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या लढ्यात जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा तुम्ही कुठे होतात? मोर्चात होतात, की पोलिसांच्या धाकाने घरात? दोन्ही उत्तरं सारखीच मोलाची आहेत. दुसरं देणारा माणूस धीराचा, असं मी तरी म्हणेन.

गावात अजून एखादी धवलारीण असेल तर तिच्याकडे आधी जा. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पुढे नेणारी ही बाई. तिच्या डोक्यात आख्खं लग्न पाठ असतं, आणि डीजे आल्यापासून तिला पूर्ण गायला सांगतो कोण?

गावकऱ्यांइतकंच सेक्टरांत राहायला आलेल्या पहिल्या मंडळींनाही विचारायला हवं. चाळीतली किंवा एका खोलीतली बिऱ्हाडं मोडून, मुंबईतल्या नातेवाइकांची टिंगल सोसत ही माणसं खाडीपलीकडे आली. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून लोकल वाशीला पोचली. त्याआधी कामावर जायचं तर बसच. त्या काळी बाजारहाट, शाळा, डॉक्टर, पाणी यांची सोय कशी लागली, ते त्यांनाच विचारा. आणि घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला तेव्हा त्याच्यामागे आलेले माथाडी. सातारा, सांगली, जुन्नरकडचे हे गडी. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, हे पुस्तकात मिळेल. पाठीवर गोणी घेऊन दिवसभरात किती खेपा व्हायच्या आणि गावी मनीऑर्डर किती जायची, हे त्यांच्या तोंडूनच मिळेल.

तोंडचं असं टिपून ठेवण्याचं काम आपल्याकडे नवं नाही. कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि आप्तांपैकी एकाने त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं; जी टिपली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केलं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या काळी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून गावोगाव फिरावं लागे. तुमच्या खिशातला फोन त्या यंत्रापेक्षा कितीतरी सरस आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. ‘तुमचं आयुष्य सांगा’ म्हटलंत की उत्तर ठरलेलं: “माझं मेलं काय सांगण्यासारखं!” म्हणून आयुष्य विचारूच नका. चूल कुठे होती ते विचारा. पुलाआधी मुंबईला कसं जायचात, पहिला पगार किती, सासरी आलात त्या दिवशी जेवायला काय होतं, तुमचं शेत होतं तिथे आज कुठली इमारत आहे, हे विचारा. जमलं तर रिक्षाने त्या जागेवर घेऊन जा. जुना अल्बम पुढ्यात ठेवा आणि बोलता बोलता फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. दमलेलं माणूस हो-नाहीवर येतं. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, टीव्ही बंद. आणि आपण गप्प. हे सगळ्यांत अवघड. बाबा गप्प झाले की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, आणि नेमकी ओठावर आलेली गोष्ट परत आत जाते.

भाषा सुधारू नका. आजी आगरी बोलत असेल तर आगरीच राहू द्या. फोनला ऐकून मराठी टाइप करता येतं, पण ते पुस्तकी मराठी. आगरी शब्दांपुढे ते गडबडतं. म्हणून लिहून काढायचं काम हातानेच करा आणि तेही आजी हयात असताना, म्हणजे अडलेला शब्द तिलाच विचारता येईल. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना हे काम द्या, मराठीच्या तासापेक्षा जास्त शिकतील. तारखा चुकतील, दोन भाऊ एकाच व्यवहाराच्या दोन हकिकती सांगतील. दोन्ही ठेवा. निवाडा करायला आपण कोर्ट नाही.

मात्र सगळंच सगळ्यांना ऐकवायचं नसतं. जमिनीच्या वाटण्या, घरातली भांडणं, कोणाच्या तरी बदनामीचं काही निघालं तर ते वेगळं ठेवा, आणि बाहेर काय जाऊ द्यायचं ते ज्याने सांगितलं त्यालाच ठरवू द्या. माणूस मध्येच हमसून रडू लागलं तर फोन बाजूला ठेवा. तासाभराचं रेकॉर्डिंग नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकललंत तर कोणी ऐकत नाही. तीन-चार मिनिटांची एखादी गोष्ट कापून पाठवा, अमेरिकेतला भाचाही ऐकेल आणि पुढची मागेल. पण ग्रुप म्हणजे कपाट नव्हे. फोन बदलला की आवाजही जातो. मूळ फाइलला नाव आणि तारीख द्या, एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी.

एकेका घराने केलं तरी गावाचं चित्र त्यातून पुरतं उभं राहत नाही. म्हणून वाशीतल्या ज्येष्ठ नागरिक संघांना विनंती: वाढदिवसाच्या शालीबरोबर प्रत्येक सभासदाची एक मुलाखत ठेवा. गणेशोत्सव मंडळांनी एका संध्याकाळी ऑर्केस्ट्राऐवजी गावातल्या दोन म्हाताऱ्यांना स्टेजवर बसवावं. महाविद्यालयांनी मुलांना प्रकल्प द्यावा. आणि महापालिकेने आपल्या ग्रंथालयांत या आवाजांसाठी एक कायमची जागा करावी, जिथे परवानगीने दिलेली रेकॉर्डिंगं नीट नोंदवून ठेवली जातील. महापालिका १ जानेवारी १९९२ ची. तिच्या हद्दीतली कितीतरी माणसं तिच्याहून दुप्पट वयाची आहेत.

ग्रंथालय होईल तेव्हा होवो. तोवर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारायचे पाच प्रश्न आज कागदावर लिहा, आणि या आठवड्यात त्यांतला पहिला विचारा.