चिखल्या, शिवण आणि पांढरा मोजा

संध्याकाळी घरी येऊन मोजा काढावा, तर अंगठ्यापाशी तांबूस डाग. पायाला मात्र दिवसभर काहीच कळलेलं नाही. बरीच वर्षं साखर चढी राहिली की पायाच्या नसा बिघडतात. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. बुटातला खडा, मोज्याची टोचणारी शिवण, घासून आलेला फोड, कशाचीच वर्दी मेंदूपर्यंत पोचत नाही.

भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. मोजे घेताना आपल्याकडे सल्ला ठरलेला: ‘सुतीच घ्या.’

हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. सूत मऊ असतं, घाम चटकन टिपतं. पण टिपलेला घाम लवकर सोडत नाही. जुलैत साचलेल्या पाण्यातून ऑफिस गाठणाऱ्याचा सुती मोजा संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरट पडते, चिखल्या होतात आणि तिथल्या भेगांतून जंतू शिरतात. अशांना पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या मिश्रणाचा, ओल बाहेर सोडणाऱ्या विणीचा मोजा बरा. मेरिनो लोकरीचा पातळ मोजाही उत्तम, फक्त महाग. ‘बांबू’ म्हणून विकला जाणारा धागा बहुधा व्हिस्कोस असतो. मऊ खरा, पण तोही ओल धरतो. सुतीच आवडत असेल, तर दुपारी बदलायला पिशवीत दुसरा जोड हवा.

दुकानात मोजा उलटा करून बोटांकडच्या शिवणीवरून अंगठा फिरवावा. हाताला उंचवटा लागला, तर तो मोजा नको. बधिर पायाला तो दिवसभर घासत राहील. वरचं इलॅस्टिक पोटरीवर वळ उठवत असेल, तर तेही नको. घट्ट दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नयेत, कारण पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर अपाय होतो. भोक पडलेला मोजा रफू करून वापरू नये, रफूची गाठही टोचते.

रंग पांढरा किंवा फिका असावा. काळ्या मोज्यात रक्त लपतं.

देवळात चप्पल काढून नुसत्या मोज्यांवर चालणंही धोक्याचं. एप्रिलच्या उन्हात तापलेली फरशी मोज्यातूनही भाजते, आणि बधिर पायाला चटका कळत नाही.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज रात्री त्यांचे मोजे उलटे करून पाहा आणि तळवेही उजेडात बघा. जखम दिसली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.