स्नेह्याची जागा

संस्कृतांत 'मित्र' शब्द पुल्लिंगी असला म्हणजे त्याचा अर्थ सूर्य, आणि स्नेही या अर्थीं तो नपुंसकलिंगी चालतो, हें सांगतांच वर्गांत नेहमीं हंशा पिकत असे. आम्हांस मात्र तें सार्थ वाटतें. कारण मित्र हा नात्यांच्या कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. वंशावळींत त्याचें नांव नाहीं, वांटणींत त्याला हिस्सा नाहीं. भावांभावांत वितुष्ट आलें तर वडील मंडळी मध्यें पडतात. दोन मित्रांची समजूत घालण्यास कोणी येत नाहीं.

टिळक-आगरकरांचेंच उदाहरण घ्या. दोघेही जुलै १८५६ मधले. जन्मांत अवघें नऊ दिवसांचें अंतर. डेक्कन कॉलेजांत स्नेह जुळला आणि सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून शिक्षणास वाहून घेण्याचा निश्चयही तेथेंच झाला. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस बरोबर काढले. त्याची हकीकत आगरकरांनीं लिहून ठेविली आहे. पुढें समाजसुधारणेवरून मतें फाटलीं. १८८७ मध्यें आगरकरांनीं 'केसरी' सोडला व १८८८ मध्यें 'सुधारक' काढिला. १८९० मध्यें टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षानंतर, आगरकर वारले. 'केसरीं'तील मृत्युलेख टिळकांनीं लिहिला. त्यांत मतभेद मागें पडले व जुना स्नेह वर आला. परंतु तो वाचण्यास आगरकर नव्हते.

मतें सोडावींत, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्या दोघांनीं तीं सोडलीं असतीं तर महाराष्ट्राचें नुकसानच झालें असतें. परंतु ज्या चुलत्याशीं आपलें एकही मत जुळत नाहीं, त्याच्याही पानावर आपण सणाला पुरणपोळी वाढतोंच ना? मग ही सवलत मित्रालाच कां नसावी?

यास्तव घरोघरच्या मंडळींस एक विनंति आहे. कर्त्या पुरुषाकडे पूर्वीं नित्य येणारे कोणी गृहस्थ अलीकडे दिसेनासे झाले असतील, तर चौकशी अवश्य करावी. पुरुष असल्या गोष्टी आपण होऊन बोलत नाहीं. वर्षें मात्र निघून जातात. सुनेनें किंवा नातवानें "ते काका बरेच दिवसांत आले नाहींत, रविवारीं जेवावयास बोलवावें का?" एवढें सहज विचारलें, तरी पुष्कळदां अडलेलें पाऊल उचललें जातें.