विश्लेषण : गाणे स्वतःचे, पत्ता मात्र दुसऱ्याचा! स्वतंत्र संगीतकारांना स्वतःची वेबसाइट का हवी?

नवी मुंबई आणि संगीत म्हटले की देशभरातील वाचकाला नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आठवते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ येथेच वाजले. याच स्टेडियमपासून रिक्षाच्या अंतरावर दिवाळे, सारसोळे, करावे ही गावे आहेत. तेथे हळदीच्या मांडवात आगरी-कोळी गाणी गाणारे गायक आणि बेंजो पार्ट्या आहेत. वाशी-खारघरच्या फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून गाणी करणारी मुलेही आहेत. यांच्यापैकी कुणालाही ‘तुमचे काम कुठे ऐकायला मिळेल’ असे विचारा, बहुतेक वेळा ‘यूट्यूबवर टाका नाव’ हेच उत्तर येते. स्वतःचा म्हणावा असा पत्ता क्वचितच कुणाकडे असतो. तो असण्याने नेमके काय बिघडते वा सुधारते, याविषयी…

यूट्यूब, स्पॉटिफाय असताना वेबसाइट कशाला?

कारण ही घरे भाड्याची आहेत आणि घरमालक न सांगता निघून जातात. शिंदे बंधूंची ‘धिंगाना’ ही सेवा २०१४ मध्ये बंद पडली. तिला विकत घेणाऱ्या ‘आरडिओ’ कंपनीनेच नोव्हेंबर २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ‘रेसो’ने ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतातील दुकान आवरले, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने ‘विंक म्युझिक’ गुंडाळत असल्याचे सांगितले. सगळ्यात वाईट गत ‘मायस्पेस’ची झाली. २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तेथे चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, असे कंपनीने २०१९ मध्ये मान्य केले. आकडा सुमारे पाच कोटी गाण्यांचा सांगितला जातो. अनेकांकडे त्यांची दुसरी प्रत नव्हती.

दुसरे कारण पैशांचे. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याचे मानधनच मोजले जात नाही. गावकीत, नात्यागोत्यात ऐकल्या जाणाऱ्या कितीतरी गाण्यांना ही रेषा ओलांडता येत नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोणत्या शहरात किती जणांनी ऐकले हे या सेवा सांगतात. पण ‘कुणी’ ऐकले हे सांगत नाहीत. पुढच्या कार्यक्रमाला ज्यांना बोलवायचे, त्यांचा पत्ता कंपनीकडे राहतो.

भारतात हे आधी कुणी करून पाहिले?

हा मार्ग दाखवणारे रॉक बँडवाले नव्हते. गायिका शुभा मुद्गल आणि मुंबईचे तबलावादक डॉ. अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ सुरू केली. कलाकाराने आपले ध्वनिमुद्रण आपणच करावे, हक्क स्वतःकडेच ठेवावेत आणि विक्री या संकेतस्थळावरून व्हावी, अशी ती कल्पना होती. रेकॉर्ड कंपनीला एकरकमी मोबदल्यात सर्व हक्क देऊन मोकळे होण्याची सवय असलेल्या क्षेत्रात हे धाडसच होते. लक्षात घ्या, तेव्हा घरोघरी डायल-अपची किरकिर होती आणि ऑनलाइन कार्ड वापरायला लोक धजत नव्हते.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममधील गाणी एकेक करून, फुकट डाउनलोडसाठी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली. लोक तरीही कार्यक्रमाचे तिकीट काढतील, हा हिशेब त्यामागे होता. पुढे ‘ओकेलिसन’ने स्वतंत्र कलाकारांची गाणी विकणारे दुकान थाटले. फ्लिपकार्टनेही फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे डाउनलोडचे दुकान उघडले, पण जून २०१३ मध्ये ते बंद केले. पायरसी आणि छोट्या रकमा सहज भरण्याची सोय नसणे, ही कारणे कंपनीने दिली होती.

यात एक गंमत आहे. छोट्या रकमांचा प्रश्न २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने सोडवला. आज दहा रुपयांचा वडापाव क्यूआर दाखवून घेता येतो. पण तोवर गाणे ‘विकत घेण्याची’ सवयच मोडली होती.

वेबसाइट बांधायला किती कठीण?

बांधणे सोपे आहे, अडते ते सांभाळण्यात. ‘.इन’ डोमेन साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळते आणि चार पानांच्या साइटला फुकट वा स्वस्त होस्टिंग पुरते. चूक होते ती गाण्यांच्या फाइलमध्ये. चार मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जाच्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये सुमारे ४२ एमबी भरते. तेच ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ९.६ एमबी, तर १२८ मध्ये चार एमबीच्या आत बसते. मूळ फाइलच पानावर टाकली, तर हजार श्रोत्यांमागे ४२ जीबी डेटा खर्च होतो आणि लोकलमध्ये बसलेला श्रोता फिरते चक्र पाहून निघून जातो. ऐकायला हलकी फाइल, विकायला जड फाइल आणि मूळ प्रत घरच्या दोन वेगळ्या डिस्कवर, एवढी शिस्त पुरते.

डोमेन कुणाच्या नावावर आहे, हेही पाहावे. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या बँडची साइट मीच बांधली होती. डोमेन एका मित्राच्या ईमेलवर घेतले. तो नोकरीसाठी परदेशी गेला, तो ईमेल त्याने सोडला आणि नूतनीकरणाची सूचना कुणीच वाचली नाही. काही महिन्यांनी आमच्या बँडच्या नावावर क्लिक केले की सट्ट्याची जाहिरात उघडू लागली. गिटारवाल्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर तो पत्ता छापून झाला होता.

पैसे येणार कसे?

परदेशी श्रोत्यासाठी ‘बँडकॅम्प’ आजही बरा. २००८ मध्ये सुरू झालेली ही सेवा डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेते. पण मार्च २०२२ मध्ये ती ‘एपिक गेम्स’ने घेतली, २०२३ मध्ये ‘साँगट्रेडर’ला विकली आणि त्या व्यवहारात निम्मे कर्मचारी गेले. शिवाय तेथील पैसे कलाकाराला पेपॅलमधून मिळतात आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत व्यवहार बंद केले आहेत. म्हणजे कोपरखैरणेच्या गायकाला लंडनचा मराठी श्रोता पैसे देऊ शकतो, पण ठाण्याच्या श्रोत्यासाठी वेगळी वाट हवी. ती वाट म्हणजे स्वतःच्या पानावरचा यूपीआय क्यूआर.

अर्थात आगरी-कोळी गायकाचा खरा धंदा गाणे विकण्याचा नाहीच, तो हळदीच्या सुपाऱ्यांचा आहे. त्याच्या पानावर तारखा, किती माणसांची पार्टी येते, साउंड कुणाचा आणि फोन नंबर हवा. चार चांगले व्हिडीओ पुरेत. तेवढ्यासाठी मुलाकडचे लोक आज तीन जणांना फोन करतात.

एक सावधगिरी. साइट आपली असली तरी दुसऱ्याचे गाणे आपले होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी नुसार कव्हर आवृत्तीला मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि मोबदला भरावा लागतो. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या-बांधणाऱ्यांनी आयपीआरएसचे सदस्यत्व घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना दिलेला रॉयल्टीचा हक्क वेबसाइट वसूल करून देत नाही.

लोक तेथपर्यंत पोहोचणार कसे?

खरे सांगायचे तर नवा श्रोता वेबसाइटमुळे मिळत नाही. तो रील्समध्ये किंवा मांडवातच मिळतो. संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ किंवा क्रेटेक्स-श्रेयसचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये घरोघरी गेले ते रील्सवरूनच. वेबसाइट त्यानंतर लागते, आवडलेल्या गायकाला कुणी शोधू लागले की.

आणि शोधताना मराठीची खास अडचण येते. ‘साडी’ रोमन लिपीत लिहिताना एक ‘ए’ की दोन, यावर एकमत नाही. म्हणून गाण्याचे नाव देवनागरीत आणि दोन-तीन रोमन रूपांत पानावर अक्षरांतच लिहावे. आपल्याकडे सगळा मजकूर पोस्टरच्या चित्रात कोंबतात, जो शोधयंत्राला नीट वाचता येतोच असे नाही. स्वतःच्या गाण्याचे शब्द आणि वादकांची नावे टाकली, तर ढोलकीवाल्याचे नाव शोधणाराही त्या पानावर येतो.

मुद्गल-प्रधान यांना हे लवकर उमगले असावे. संकेतस्थळ सुरू करून सहा वर्षे झाल्यावर, २००९ मध्ये, त्यांनी पुण्यात ‘बाजा गाजा’ महोत्सव भरवला आणि श्रोत्यांना संगीतकारांच्या समोर आणून बसवले. नवी मुंबईत त्यासाठी वेगळा महोत्सव भरवायची गरज नाही. लग्नसराईत बेंजो पार्टीचा टेम्पो रोज नव्या मांडवापुढे उभा राहतो. त्याच्या फळ्यावर पार्टीचे नाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला असतोच, शेजारी क्यूआरला हातभर जागा सहज निघेल.