अंतर किती असावे?

ऑनलाइन शिक्षण चांगले की वर्गातले, हा प्रश्न मार्च २०२० नंतर आपल्याकडे इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याची उत्तरेही आता ठरून गेली आहेत. ज्ञान घरबसल्या मिळत असताना महाविद्यालयांच्या इमारती हव्यात कशाला, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष गुरुशिष्यपरंपरेचा हवाला देऊन यंत्राला माणसाची सर येणार नाही, असे बजावतो. विद्यार्थी कोठे बसला आहे, हे मात्र दोघेही विचारीत नाहीत. आमच्या मते तुलनेचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा, आणि ती एकदा तरी मुरुडसारख्या गावातून करून पाहावयास हवी.

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास हा अंतर कमी होत जाण्याचा इतिहास आहे. निजामी राजवटीत या भागाला विद्यापीठ म्हणून हैदराबादच्या उस्मानियाकडेच पाहावे लागे, आणि तेथे शिक्षणाचे माध्यम होते उर्दू. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हैदराबाद, औरंगाबाद, नांदेड, लातूर असे करीत पदवीचा वर्ग अखेर लातूर–बार्शी रस्त्यावरच्या मुरुडपर्यंत आला. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर नव्हते, अशा कितीतरी मुली पदवीधर झाल्या त्या एवढ्याचसाठी, की वर्ग एसटीच्या टप्प्यात आला होता.

ऑनलाइन शिक्षणाचे समर्थक म्हणतात, आम्ही याच वाटेवरचे पुढचे पाऊल टाकीत आहोत. अंतर आता शून्यावर आणून ठेवले आहे. युक्तिवाद आकर्षक आहे. परंतु कमी अंतर आणि शून्य अंतर यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. खेड्यातली मुलगी सकाळी वही घेऊन घराबाहेर पडते, तेव्हा ते चार-पाच तास तिच्या नावावर जमा होतात. त्या वेळात तिला पाणी भरावयास, धाकट्या भावाला सांभाळावयास वा सोयाबीनच्या काढणीला कोणी बोलावीत नाही. बोलावले तरी ती तेथे नसते. कॉलेजला जाणे हे तिच्या बाबतीत घराने मान्य केलेले एक कारण आहे. तोच तास घरच्या मोबाईलवर आला की धडा तिच्यापर्यंत पोहोचतो, पण वेळ तिच्याकडून काढून घेतली जाते. फोन भावाचा असला तर धडाही पोहोचत नाही.

याचा पडताळा आपल्याला नकळत मिळालाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातील महाविद्यालये पुन्हा उघडली, आणि त्याच सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शहरातील विद्यार्थी वर्गात परतला. खेड्यातील विद्यार्थ्याला दार उघडे होते, पण दाराशी नेणारी गाडी नव्हती. ग्रामीण महाविद्यालयाचा पहिला वर्ग बसस्थानकावर भरतो, हे शिक्षणतज्ज्ञांच्या अहवालांत सहसा आढळत नाही.

याचा अर्थ पडदा शत्रू आहे, असा नव्हे. मराठी विश्वकोश आज मुरुडच्या विद्यार्थ्याला फोनवर विनामूल्य वाचता येतो. ही सोय आधीच्या पिढीला जिल्ह्याच्या ग्रंथालयातही सहज नव्हती. न समजलेले व्याख्यान पुन्हा ऐकता येते. वर्गात मान वर न करणारी मुलगी एखादे वेळी प्रश्न लिहून विचारते. आणि विवाहित स्त्रिया, नोकरदार, अर्ध्यावर शिक्षण सुटलेली माणसे यांच्यासाठी तर रोजचा वर्ग कधी नव्हताच. त्यांच्यासाठी १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. पण लक्षात घ्यावे, की या दूरशिक्षणाच्या विद्यापीठानेही केवळ पुस्तके पाठवून भागविले नाही. अभ्यासकेंद्रे उघडली, संपर्कसत्रे ठेवली. दुरून शिकविणाऱ्यांनाही काही दिवस समोरासमोर बसण्याची गरज भासली.

ती का भासावी? मुरुडपासून जवळच असलेल्या तेरचे गोरोबाकाका याचे उत्तर देतील. संतमंडळी जमली असता त्यांनी हातातल्या थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे, याची पारख केली, ही कथा आपल्या परिचयाची आहे. नामदेवांचे मडके कच्चे निघाले, आणि मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. वर्गातील शिक्षक दर पाच मिनिटांनी हेच करीत असतो. ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा वाचताना कोणाच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला आणि कोण नुसती मान हलवीत आहे, हे त्याला दिसते; त्यावरून तो थांबतो, मागे जातो, उदाहरण बदलतो. बंद कॅमेऱ्यांच्या पडद्यावर साऱ्यांचीच मडकी सारखी दिसतात. साहित्याच्या अध्यापनात ही हानी मोठी आहे, कारण तेथे माहिती थोडी असते आणि जाण पुष्कळ लागते.

आता थोडे कटू बोलावयास हवे. याच लातूर जिल्ह्याने ‘लातूर पॅटर्न’ म्हणून सराव, उजळणी आणि चाचण्यांची शिस्त साऱ्या राज्याला दाखविली. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलासाठी पालक आजही लातुरात भाड्याची खोली घेतात, खाणावळीचे पैसे भरतात, शेत विकावयासही मागेपुढे पाहात नाहीत. त्याला घरी बसून चित्रफिती पाहा, असे कोणी सांगत नाही. शिक्षकासमोर बसण्याचे मोल समाजाला पुरते ठाऊक आहे. मग बी. ए.च्या विद्यार्थ्यालाच घरबसल्या शिक्षणाचे गोडवे का ऐकविले जातात? जे स्वतःच्या मुलासाठी अपुरे वाटते, तेच दुसऱ्याच्या मुलीला पुरेसे म्हणून देण्यात आधुनिकता नाही, काटकसर आहे. आणि ती गरिबाच्या ताटातली आहे.

अर्थात वर्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी वर्गाची आजची अवस्थाही झाकून ठेवू नये. पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणे सांगणे, परीक्षेपुरते गाईड, हजेरीपुरते विद्यार्थी, वर्षानुवर्षे रिक्त असलेल्या जागा आणि तासिका तत्त्वावर राबविला जाणारा तरुण प्राध्यापक, हे चित्र महासाथीच्या आधीपासूनचे आहे. ज्या तासाला केवळ मजकूर उतरवून घ्यावयाचा असतो, त्या तासापेक्षा चांगले ध्वनिमुद्रण खरोखरच बरे. वर्ग टिकवायचा तर वर्गातच होऊ शकते असे काही तेथे व्हावयास हवे: मोठ्याने वाचन, मतभेद, एकाच कवितेचे दोन अर्थ लावून झालेले भांडण.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. मुभेला आमचा विरोध नाही. तिचा उपयोग शिक्षक नसल्याची भरपाई म्हणून होणार, की असलेल्या शिक्षकाला चर्चेसाठी वेळ मिळावा म्हणून, एवढेच आम्ही विचारतो. पहिल्या मार्गाने गेलो तर पदे भरण्याची गरज उरणार नाही, आणि कधी तरी कोणी मुरुडच्या वर्गाला कुलूप लावण्याचा प्रस्तावही मांडील, विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी म्हणून. हैदराबादेपासून मुरुडपर्यंत अंतर तोडावयास मराठवाड्याला कित्येक दशके लागली. ते आणखी कमी व्हावे, वेळेवर एसटी यावी, वसतिगृहे वाढावीत. पण घर आणि वर्ग यांच्यामध्ये मुलीला रोज चालून जाता येईल एवढे अंतर उरलेच पाहिजे.