तिसरं बिल करून दाखवा

बांधकामाच्या साइटवर बिलिंग इंजिनिअर नावाचं एक पद असतं. बाहेरच्या माणसाला ते सहसा ठाऊक नसतं. बहुधा सिव्हिलचा किंवा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी. दिवसा टेप घेऊन मोजमापं, संध्याकाळी मेजरमेंट शीट आणि महिनाअखेरीला आरए बिल, म्हणजे रनिंग अकाउंट बिल. त्यांच्या कंपनीने लाखो रुपये मोजून व्यवसाय सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. त्यात खरेदी, स्टोअर, पगार असं सगळं असतं, प्रोजेक्टचं वेगळं मॉड्यूलही असतं. तरी आरए बिल बनतं ते एक्सेलमध्येच. सॉफ्टवेअरमध्ये शेवटी एक ओळ टाइप होते: ‘आरए बिल क्रमांक ३’ आणि पुढे एक रक्कम.

इलेक्ट्रिकल, डक्टिंग, फायर फायटिंग, इंटिरियर अशी कामं करणाऱ्या पुणे परिसरातल्या छोट्या-मध्यम कंत्राटदारांच्या हिशेबात माझा बराच काळ गेला आहे. ही एक ओळ मी ठिकठिकाणी पाहिली आहे आणि दर वेळी मला तिचा त्रास होतो. कंपनीला कोणाकडून किती येणं आहे आणि का, याचं उत्तर त्या ओळीत नसतं. ते एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये असतं.

दोष त्या मुलांचा नाही, सॉफ्टवेअरच्या मांडणीचा आहे. दुकानातलं बिल माल हातात पडला की संपतं. बहुतेक सॉफ्टवेअरमधलं बीजक त्याच बिलावर बेतलेलं असतं: वस्तू, नग, दर, कर, बेरीज. पुढच्या बीजकाला मागच्याची ओळख नसते. प्रोजेक्टचं बिल मात्र कराराची आजची स्थिती सांगत असतं. एकूण काम किती ठरलं, आजवर किती झालं, त्यातलं आधी किती बिलात घेतलं आणि म्हणून आज किती मागायचं. पहिले तीन आकडे नसतील तर चौथ्याला आधारच राहत नाही.

उदाहरण घेऊ. समजा, बीओक्यूमध्ये, म्हणजे करारातल्या कामांच्या आणि दरांच्या यादीत, केबल ट्रे १,२०० मीटर आहे, दर मीटरला ८५० रुपये. पहिल्या बिलात ४०० मीटर घेतले. दुसऱ्या महिन्यात साइटवर ३०० मीटर बसवले. क्लायंटच्या इंजिनिअरबरोबर जॉइंट मेजरमेंट झालं तेव्हा एकूण ६८० मीटरच भरले, कारण पहिल्या वेळी एक वीस मीटरचा तुकडा दोनदा मोजला गेला होता. आरए बिलाच्या रीतीत यात काहीच अडत नाही. आजवर ६८०, आधीचे ४००, या बिलात २८०. चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन्ही बाजूंना ती दिसतेही. बिलांना सुटी कागदपत्रं मानणारं सॉफ्टवेअर इथे अडतं. साइटच्या नोंदीत ३०० आणि बिलात २८०, हा फरक कुठे ठेवायचा ते त्याला कळत नाही. मग कोणीतरी सुचवतं की पहिल्या बिलावर वीस मीटरची क्रेडिट नोट काढा. म्हणजे जीएसटीच्या विवरणात आणखी एक नोंद आणि क्लायंटच्या अकाउंट्सकडून आणखी एक फोन.

आता पैशांकडे येऊ. २८० मीटरचे २,३८,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून बिल २,८०,८४० रुपयांचं. क्लायंट पाच टक्के रिटेन्शन कापतो, ११,९०० रुपये. कंपनीसाठी टीडीएस दोन टक्के, तोही जीएसटी वगळून (जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो वगळावा, असं परिपत्रक १९ जुलै २०१७ रोजीच निघालं आहे), म्हणजे ४,७६०. बँकेत येतात २,६४,१८०. उरलेले १६,६६० रुपये सॉफ्टवेअर त्या क्लायंटच्या नावावर थकबाकी म्हणून दाखवतं. टीडीएस थकबाकी नाही, तो आपल्या नावावर सरकारजमा होणारा कर आहे. रिटेन्शनही अजून देय झालेलं नाही. काम पूर्ण झाल्यावर डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे दोष निघाल्यास दुरुस्त करून देण्याची, मुदत संपली की, बहुधा वर्षभराने, ते मिळायचं आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये स्मरणपत्राची ईमेल आपोआप जाण्याची सोय असते. ज्याने वेळेवर पैसे दिले त्यालाच ‘आपली रक्कम थकीत आहे’ असं पत्र जातं. क्लायंटचा फोन आला की ती सोय कायमची बंद केली जाते, आणि मग जो खरोखर पैसे अडवून बसला आहे त्यालाही पत्र जात नाही.

रिटेन्शनची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. छोट्या कंत्राटदाराचा नफा अनेकदा त्या पाच टक्क्यांतच असतो. संपूर्ण बिलावरचा जीएसटी त्याने आधीच भरलेला असतो. काम संपतं, टीम दुसऱ्या साइटवर जाते, क्लायंटकडचा प्रोजेक्ट मॅनेजरही बदलतो. अशा वेळी ‘या तारखेला या प्रोजेक्टचं रिटेन्शन मागायचं आहे’ एवढं सांगणं हे संगणकाने करायचं काम आहे. त्यासाठी रिटेन्शनला स्वतःची देय तारीख हवी. ती नसते, म्हणून ही रक्कम जुन्या येण्यांच्या लांबलचक यादीत तळाशी जाते, आणि एखाद्या मार्चमध्ये ऑडिटच्या वेळी ‘वसूल होण्यासारखं नाही’ म्हणून निकालात निघते.

दुसरी अडचण बिलाच्या अवस्थांची. सॉफ्टवेअरला दोनच माहीत असतात: कच्चं आणि पक्कं. साइटवरचं बिल आधी सादर होतं, मग तपासलं जातं, कमी-जास्त होऊन सर्टिफाय होतं आणि त्यानंतर कर-बीजक निघतं. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, आणि पोर्टलवर नोंदलेलं बीजक तिथे २४ तासांतच रद्द करता येतं. सादर केलेलं बिल सॉफ्टवेअरने पक्कं समजून पोर्टलवर पाठवलं आणि क्लायंटने दहा दिवसांनी लाखभर कमी करून सर्टिफाय केलं, की पुन्हा क्रेडिट नोट. हे टाळायला लोक सादर करायचं बिल सॉफ्टवेअरच्या बाहेरच ठेवतात. मग किती रकमेची बिलं क्लायंटच्या टेबलावर पडून आहेत, हे मालकाला कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. बँकेकडून वाढीव कॅश क्रेडिट मागताना नेमका हाच आकडा लागतो.

जाता जाता क्रमांकाचंही सांगतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बीजक क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरी असतो. प्रोजेक्टचा कोड, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक जोडून सॉफ्टवेअर आपणहून जो क्रमांक बनवतं, तो ही मर्यादा सहज ओलांडतो. नियम २०१७ पासूनचा आहे.

याहून मूलभूत गोष्ट म्हणजे कायदासुद्धा इथे कराराकडेच बघतो. तीन महिन्यांहून अधिक चालणारी आणि टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचं बंधन असलेली सेवा जीएसटीत ‘सतत पुरवठा’ ठरते. पैसे देण्याची तारीख करारावरून कळत असेल तर त्या तारखेपर्यंत बीजक निघायला हवं. पैसे एखादा टप्पा पूर्ण होण्याशी बांधलेले असतील, तर टप्पा पूर्ण होईल त्या दिवसापर्यंत. म्हणजे बीजक कधी काढायचं हे करारात ठरतं. आणि सॉफ्टवेअरमध्ये करार कुठे असतो? पीडीएफ म्हणून जोडलेला, कोणी न उघडलेला.

यात अवघड असं काही नाही, कारण कागदावर हे फार पूर्वी सुटलेलं आहे. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यांची मोजमाप पुस्तिका घ्या. पानांवर छापील क्रमांक, नोंद शाईने, खाडाखोड नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही, आणि बिलात त्या पानाचा संदर्भ. अमेरिकेत तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेचे जी-७०२ आणि जी-७०३ हे दोन नमुने बांधकाम क्षेत्रात सर्रास वापरले जातात. जी-७०३ मध्ये प्रत्येक कामापुढे ठरलेली रक्कम, मागच्या अर्जांपर्यंतचं काम, या वेळचं काम, साइटवर आणून ठेवलेला माल, आजवरची बेरीज, शिल्लक काम आणि रोखलेलं रिटेन्शन असे रकाने आहेत. ज्यांनी हे कागद आखले त्यांनी साइट पाहिली होती. संगणकाच्या पडद्यावर येताना या रकान्यांमधले निम्मे गळाले.

ते का गळाले, याचं कारण माझ्या मते विक्रीच्या पद्धतीत आहे. डेमोमध्ये नेहमी पहिलं बिल दाखवतात. पहिल्या बिलात मागचं काही नसतं, एक्स्ट्रा आयटम नसतात, ॲडव्हान्सची वसुली सुरू झालेली नसते. ते सुरेख बनतं, छापूनही मिळतं. बघायला मालक असतात, सीए असतात, बिलिंग इंजिनिअरला कोणी बोलवत नाही. खरेदी झाल्यावर तो अडचण सांगतो तेव्हा उत्तर येतं, “सर, तेवढं एक्सेलमध्ये करा, आम्ही इम्पोर्ट देतो.” पुढे तो नोकरी बदलतो. जाताना फाइल देऊन जातो, पण कोणत्या शीटमधला कोणता आकडा कुठून आला हे त्याच्याबरोबर जातं. नवा माणूस जुन्या बिलांच्या प्रती क्लायंटकडून मागून घेतो. आपलंच येणं किती, हे समोरच्याला विचारावं लागतं. ज्या कंपनीने शंभर माणसांचा पगार त्या येण्याच्या भरवशावर दिला, तिच्यावर ही वेळ यावी हे मला फार वाईट वाटतं.

म्हणून सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. डेमोला बिलिंग इंजिनिअरला समोर बसवा आणि तिसरं बिल करून दाखवायला सांगा. त्यात दुसऱ्या बिलातली एक मोजणी कमी झालेली असू द्या, बीओक्यूत नसलेला एक आयटम असू द्या, ॲडव्हान्सचा एक हप्ता वळता होऊ द्या. बिल सादर करताना एक रक्कम आणि सर्टिफाय होताना दुसरी, अशा दोन्ही जपून ठेवायला सांगा. शेवटी सगळ्या प्रोजेक्टांच्या रिटेन्शनची तारीखवार यादी मागा. ‘ते कस्टमायझेशनमध्ये होईल’ असं उत्तर आलं, तर त्याची किंमत आणि मुदत खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि ते काम पूर्ण होईपर्यंत परवान्याच्या रकमेचा एक भाग हातात राखून ठेवा.